शेपटीचे आकडे: न्युंग्वेच्या रानात नऊ खेपा

शून्य, दोन, सहा, सात, अकरा, आठ, बारा, तेरा आणि परवा पुन्हा बारा. नऊ खेपांमधली ही माझी मोजणी. टोळी तीच, जागा साधारण तीच, मोजणारी मीच. तीन वह्या भरल्या, त्यातली एक एप्रिलच्या पावसात भिजून पापडासारखी वळली. हे आकडे बघून कुणाला हसू येईल. पण कमरेएवढ्या झाडोऱ्यात शिरलेली माकडं ज्यांनी कधी मोजली आहेत, ते हसणार नाहीत.

प्राणी आहे लोएस्टचं माकड. स्क्लेटर यांनी १८९९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ते अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांचं. जन्मभर आफ्रिकेच्या डोंगरात राहायचं आणि नाव लावायचं बेल्जियममधल्या साहेबाचं! इंग्रजीत त्याला 'डोंगरी माकड' अशा अर्थाचं दुसरं नावही आहे. या नोंदींत मी तेच वापरणार. पूर्व काँगो, युगांडाची पश्चिम बाजू, रवांडा आणि बुरुंडी एवढ्याच पट्ट्यात ते सापडतं.

माझी जागा म्हणजे नैर्ऋत्य रवांडातलं न्युंग्वेचं रान, त्यातही उविंका केंद्राचा परिसर. हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं हे डोंगरी जंगल २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. उविंका चोवीसशे मीटरच्या आसपास आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिच्या डोक्यावर अजून अर्धी कळसूबाई ठेवावी तेवढी उंची. जुलैतही सकाळी बोटं आखडतात आणि पेन्सिल नीट धरवत नाही. ह्याच डोंगररांगेवर पाणी वाटलं जातं: एका उतारावरचा पाऊस काँगोला जातो, दुसऱ्या उतारावरचा नाईलला. कागदावर पडतो तो मात्र दोन्हीकडचा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही किगालीत राहतो. तिथून हुये अडीच तास, पुढे कितबीच्या चहाच्या मळ्यांपर्यंत आणखी तास-सव्वा तास, मग जंगल. महिन्याचा शेवटचा शनिवार वगळावा लागतो. त्या सकाळी देशभर 'उमुगांडा' म्हणजे सार्वजनिक श्रमदान असतं आणि अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर गाडी काढायची सोय नसते. हे न कळल्यामुळे आमची पहिली खेप दुपारी दोनला उविंकाला पोचली. मोजणी शून्य, त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं माझी मान.

खेप १ आणि २, फेब्रुवारी-मार्च

आफ्रिकेचं जंगल, माकडं, म्हणून मी वर बघत राहिले. वर दिसायला कमी नव्हतं. न्युंग्वेत माकडं-चिंपांझी मिळून तेरा जाती आहेत. काळीपांढरी कोलोबस माकडं खांद्यावरून पांढऱ्या झिरमिळ्या सोडून फांद्यांवर बसली होती. ती इथे शेकड्यांच्या टोळ्यांनी फिरतात. निळी माकडं शेंड्यांवरून पानं खाली पाडत होती. मी दीड तास मान वर करून उभी होते, मान अवघडली, आणि डोंगरी माकड काही दिसलं नाही.

दुसऱ्या खेपेला वाटाड्याने माझी दुर्बीण हाताने हळूच खाली केली. "मॅडम, वर नाही. खाली बघा." खाली काय, तर हिरवा दाट झाडोरा, त्यात धुकं. मग त्या हिरव्यातून एक शेपटी उभी राहिली, टोकाशी आकड्यासारखी वळलेली. आकडा म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायला लावतात तसा. थोड्या अंतरावर दुसरी. दोन्ही सावकाश उजवीकडे सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या. माकड पाहिलं असं म्हणता येणार नाही. पण वहीत 'दोन' लिहिलं आणि शेजारी दोन आकडे काढले, खालचं माकड न काढता. आता मागे वळून पाहिलं तर अख्ख्या वर्षातलं सगळ्यात खरं रेखाटन तेच.

आपल्याकडच्या वानरांच्या शेपटीचं शास्त्र वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना ठाऊक असेल: साधारण तापी-गोदावरीच्या उत्तरेला वानर शेपटी पाठीवरून पुढे कमान करून धरतं, दक्षिणेला मागे सोडतं. लहानपणी वाईला पाहिलेली वानरं मागे सोडणारी. म्हणून शेपटी कशी धरली आहे याकडे माझं लक्ष आधीपासून जातं. पण शेपटीवरूनच प्राणी मोजायची पाळी पहिल्यांदाच आली.

खेप ३, एप्रिल

धो-धो पाऊस. वही गेली ती याच दिवशी. पण अकराच्या सुमाराला उघडीप मिळाली आणि टोळी वाळायला केंद्राच्या वाटेशी एका आडव्या खोडावर येऊन बसली. पहिल्यांदाच पूर्ण माकड दिसलं.

अंग गडद, जवळजवळ काळं. पाठीवर खोगीर टाकल्यासारखा तांबूस-तपकिरी पट्टा. चेहरा राखी, डोळे नारिंगीकडे झुकणारे. आणि गळ्याभोवती, गालांपर्यंत आलेली पांढरीशुभ्र दाढी: माघाच्या थंडीत आजोबांनी मफलर गुंडाळून ओट्यावर बसावं, अगदी तशी. धुक्यात बाकीचं माकड विरघळतं, मफलर तेवढा राहतो. नर सुमारे सहा किलोचा, मादी साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे नर मादीच्या जवळजवळ दुप्पट, तरी बसल्यावर हा फरक डोळ्याला पटकन कळत नाही. उठून चालला की कळतो.

मग माझ्या पायाखाली काटकी मोडली.

मी अपेक्षा करत होते की सगळी सरसर वर चढतील. निळी माकडं तेच करतात, आपली वानरंही धोका दिसला की झाड गाठतात. ही उलटी निघाली. खोडावरची खोडावरून, शेजारच्या झाडावर चढलेली दोन पिल्लं बुंध्यावरून घसरत खाली, आणि सगळी जमिनीवरून पसार. आवाज नाही. तीन-चार सेकंदांत खोड रिकामं, झाडोऱ्याची पानं हलतायत एवढंच. वाटाड्या म्हणाला की ही नेहमी अशीच पळतात, गवतच त्यांचं घर. त्या दिवशी सहा मोजली होती, पण ती पळताना.

त्या रात्री हुयेच्या खोलीत हीटरवर वही वाळवताना वाचत बसले, आणि एक गोष्ट इतकी आवडली की इथे सांगतेच. या माकडांना पूर्वी निळ्या माकडाच्याच वंशात धरत. नंतर डीएनए तपासल्यावर दिसलं की यांचं जवळचं नातं झाडावरच्या भाऊबंदांशी नाही, तर सवान्यात फिरणाऱ्या व्हर्वेट आणि लांब टांगांच्या पाटास माकडांशी आहे. म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्यांचं एक वेगळं घराणंच. आता यांचा वंश 'अलोक्रोसेबस' म्हणून निराळा मानतात. त्यात तिघंच: हे, कॅमेरून आणि बिओको बेटावरचं प्रॉइसचं माकड, आणि गॅबॉनमधलं सूर्यपुच्छ माकड, ज्याची जगाला औपचारिक ओळख थेट १९८८ साली झाली. तीन भाऊ, तीन टोकांना. वाटणीचा कागद कुठे सापडत नाही.

खेप ४, जून

कोरडा ऋतू सुरू. मोजणी सात, रेखाटनं बारा, त्यातली नऊ फेकली.

आईचा फोन आला तेव्हा मी गमबुटात बसून पाव खात होते. "अगं, माकडंच बघायची तर महाबळेश्वरला काय कमी आहेत? ती तर हातातली पिशवीसुद्धा घेतात!" उत्तर सुचलं नाही. पण त्याच दुपारी रस्त्याच्या कडेला एका ट्रकमधून केळ्याची साल भिरकावली गेली आणि 'अर्धी' (हिच्याबद्दल पुढे) धावत डांबरावर आली. मागून दुसरा ट्रक येत होता. वाचली. ही माकडं मुळातच रानाच्या कडेला, मोडलेल्या-तुटलेल्या जंगलात, जिथे ऊन पडून झाडोरा माजतो तिथे रमतात, त्यामुळे रस्ता त्यांच्या वाटेत येतोच. वरून खाऊ मिळायला लागला तर काय होतं हे आपल्या घाटांत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हापासून नवरा गाडी लावल्यावर कडेच्या साली गोळा करतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर या देशात २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे निदान ते तरी उचलावं लागत नाही.

खेप ५, जुलै

आतापर्यंतची सगळ्यात चांगली. अकरा.

एका जांभळाच्या झाडाखाली साडेतीन तास. जांभूळच म्हणते, कारण झाड खरोखर त्याच कुळातलं आणि त्याच वंशातलं आहे. इथे त्याला 'उमुगोते' म्हणतात. फळं आपल्या जांभळापेक्षा बारकी. वर निळी माकडं खात होती आणि निम्मं खाली सांडत होती, डोंगरी माकडं खाली बसून ते वेचत होती. दोन्ही टोळ्या एकमेकांना मुळीच हरकत घेत नव्हत्या. एकाचं सांडलेलं दुसऱ्याचं ताट, आणि वरच्यांना बहुधा चार जास्तीचे डोळे जमिनीवर मिळत असावेत. हा माझा अंदाज.

खाण्याची रीत बघण्यासारखी. जागेवर चावत बसत नाहीत. दोन्ही गालांत तोबरा भरायचा, गाल टमाट्यासारखे फुगले की झाडोऱ्याच्या आडोशाला जायचं आणि तिथे निवांत एकेक फळ चोखून बी थुंकायची. झाडापासून वीसेक पावलांवर अशा एका 'बैठकीच्या जागी' मला चोखलेल्या बियांचा सडा दिसला. जांभळाचं झाड चालू शकत नाही, त्याची पोरं अशी चालतात. फळं नसतील तेव्हा ही माकडं झाडोऱ्याचाच पाला, कोवळे देठ, किडे, अळंबी यांवर भागवतात. जमिनीवरचा हिरवा पाला हा त्यांचा मोठा आधार. इथे कमरेएवढी वाढणारी ब्रिलँटेशिया नावाची वनस्पती आपल्या कारवीच्या कुळातली आहे आणि ओलाव्याला तेरड्याच्या कितीतरी जाती आहेत. धुक्यात, तेरड्यात, कारवीच्या भावंडांत बसलं की क्षणभर कोयनेच्या खोऱ्यात असल्यासारखं वाटतं. मग समोर दीड पुरुष उंचीचा लोबेलिया दिसतो आणि भ्रम जातो.

याच दिवशी ओळखी पटल्या. टोळीत मोठा नर एकच, त्याला मी 'पाटील' म्हणते. उजव्या कानाला खाच आहे. बाकी माद्या आणि त्यांची पोरं. माद्या जन्मल्या त्या टोळीतच राहतात. नर पोरं वयात आली की बाहेर पडतात. घर बायकांचं, पाटील येऊन-जाऊन. 'अर्धी'ची शेपटी मध्येच तुटलेली आहे, आकडा नाहीच, म्हणून ती झाडोऱ्यात शिरली की माझ्या मोजणीतून कायमची वगळली जाते. आणि एका मादीच्या पोटाला अगदी नवं पिल्लू. पूर्ण तपकिरी! ना दाढी, ना खोगीर. नाव ठेवलं 'गूळ'.

रेखाटणाऱ्यांसाठी: डोक्यापासून सुरुवात करू नका. मी चार महिने तेच केलं आणि डोकं होईपर्यंत माकड उठून जायचं. आता आधी शेपटीची एक रेघ, मग पाठीची, मग मफलरचा पांढरा भाग कागद कोरा सोडून. पाच-सहा सेकंदांत एवढं होतं. उरलेलं माकड आठवणीने भरता येतं, कारण उरलेलं अंधारच असतो. खोगिराचा रंग बर्न्ट सिएनात चिमूटभर पेन्स ग्रे घातला की जवळ जातो. नुसता बर्न्ट सिएना फार खुशाल दिसतो. पाटलाच्या मागच्या बाजूला जो झगझगीत निळा रंग आहे (वृषणांचा, दुसरं काय सांगणार), तो मला अजून साधलेला नाही. कोबाल्ट थंड पडतो, सेरुलियन फिका. कुणाला मोर रंगवण्याचा अनुभव असेल तर तोडगा सांगा. नवरा म्हणतो हा भाग सोडून दे. मी म्हणते निसर्गाने एवढा खर्च केलाय त्यावर, मी कोण सोडणारी?

खेप ६, ऑगस्ट

आठ, आणि तीही पहिल्या वीस मिनिटांतली. मग वरून लांबलचक शीळ आली, पाटलाचा एकच खोल, भुंकल्यासारखा आवाज झाला, आणि वरची निळी माकडं शेंड्यांवरून मधल्या फांद्यांत कोसळल्यासारखी खाली आली. आमची मंडळी झाडोऱ्यात गडप. वाटाड्याने आभाळाकडे बोट दाखवलं: मुकुटधारी गरुड. मला पंखाखालचे पट्टे तेवढे ओझरते दिसले. या जंगलात माकडं उचलणारा पक्षी तोच. त्यानंतर चाळीस मिनिटं एक आकडा वर आला नाही. मी घड्याळ लावून बसले होते.

जमिनीवर दडण्याचा हा फायदा. तोटा पुढच्या खेपेला दिसला.

खेप ७, सप्टेंबर

बारा. त्यात एक मादी जी मी आधी वेगळी ओळखली नव्हती. ती हात पुढे करून देठ मोडत होती तेव्हा डाव्या मनगटाभोवती केस नसलेलं, चकचकीत कडं दिसलं. वाटाड्याने बघितलं आणि म्हणाला, तार. चोरटे शिकारी झाडोऱ्यातल्या वाटांवर बारक्या हरणांसाठी, डुइकरसाठी, तारेचे फास लावतात. फासाला हरीण आणि माकड यांतला फरक कळत नाही. झाडावरचं माकड त्या वाटेने जात नाही, हे जातं. हिने कधीतरी हात ओढून काढला असणार. बोटं चालतात, देठ नीट सोलत होती. वनरक्षक सतत फिरून फास काढत असतात, पण हजार चौरस किलोमीटरचं रान आहे, आणि तार स्वस्त आहे. १९९९ साली या जंगलातला शेवटचा हत्ती मारला गेला. हत्तीनंतर त्या जुन्या वाटांवरही झाडोरा माजला आहे.

तिला 'कडेवाली' म्हणते. त्या दिवशी फक्त तिचा हात काढला, चार वेळा.

गूळ आता गूळ राहिलेला नाही. गळ्याशी पांढरं फुटू लागलंय आणि पाठ काळवंडतेय. दोन-तीन महिन्यांत पिल्लू मोठ्यांचे कपडे घालतं असं वाचलं होतं, ते डोळ्यांदेखत चाललंय.

खेप ८, ऑक्टोबर

तेरा! वर्षभरातला उच्चांक. पावसाळा पुन्हा सुरू, पण सकाळी नऊ ते साडेदहा लख्ख ऊन. टोळीने रस्ता ओलांडला. डांबरावर झाडोरा नसतो, म्हणून मोजणी पक्की. आधी पाटील कडेला येऊन दोन्ही बाजूंना बघून थांबला, मग मादी, पिल्लू, मादी, अशी रांग. शेपट्या सगळ्या उभ्या, शाळेच्या कवायतीसारख्या. कडेवाली सातवी, अर्धी अकरावी. गूळ आईच्या पोटाला न चिकटता स्वतःच्या पायांनी आला, काळा, मफलरवाला, नाव बदलायची वेळ आली. पाटील शेवटी गेला.

त्या दिवशी केंद्रातल्या उंच पुलावरही गेलो. २०१० साली बांधलेला, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा, पर्यटक खास त्याच्यासाठी येतात. देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण डोंगरी माकडाच्या माणसाने पन्नासेक मीटर उंचीवरून झाडोऱ्याचं छत बघून काय करायचं? मी खाली उतरून पुन्हा वाटेवर बसले.

खेप ९, परवा

धुकं. इतकं की दुर्बिणीच्या काचेवर फक्त पांढरं. मी वाटेच्या वळणावर, नवरा खाली गाडीतळाशी थर्मास घेऊन. हल्ली तोही मोजतो, मान्य करत नसला तरी. दीड तासात माझ्यासमोरून आकडे गेले अकरा, शिवाय अर्धी एकदा उघड्यावर आली, म्हणून बारा. कडेवाली दिसली नाही. धुक्यात मनगटं दिसायचा प्रश्नच नव्हता.

खाली आले तर तो म्हणाला, "अगं, तेरा. एक तुझ्याकडे न जाता इकडून खालच्या बाजूला गेली."

"अरे, हात बघितलास का तिचा? डावा?"

"हात कुठला दिसतोय? शेपटी दिसली."

वहीत बाराच लिहिलं आहे, कारण वही माझी आहे. पुढे पेन्सिलीने एक बारीक आकडा काढलाय, प्रश्नचिन्हासारखा.